नदीपलीकडून आलेला लेक

१२७१, जानेवारी ९

लिथुआनियन आले! घंटा झाली तेव्हा मी पिठात हात घालून बसले होते, तशीच धावले. भिंतीवर पाय ठेवायला जागा नाही. गोठलेल्या नदीवर काळी रेघ — घोडे, घसरगाड्या, गुरं. पण लढायला येणारे लोक म्हाताऱ्या आणि तान्ही पोरं बरोबर आणत नाहीत. हे पळून आले होते.

माझी आई त्यांच्यातली. लढाईत पकडून आणलेली, मग इथेच नांदली. त्यामुळे त्यांची बोली मला येते. आख्ख्या तुरोवेत्समध्ये फक्त मला. ओनिसिम भावोजींनी दंडाला धरून पुढे केलं. "चल वहिनी, तुझ्या आजोळची मंडळी आलीयत. विचार काय पाहिजे ते."

भावोजींनी हे बोलावं! त्यांचा सख्खा भाऊ, माझा येरेमेई, ह्याच लोकांच्या धाडीत गेला. अजून त्याचा कोट खुंटीवर आहे.

दरवाजाची फट उघडली. समोर एक धिप्पाड माणूस, दाढीला बर्फ, डोक्यावर काही नाही. नाव गैलिमिन. तिकडचा मोठा सरदार. कशाला आलास विचारलं, तर म्हणाला, आमच्या राजाला मारून आलोय. मी मागे वळून गावाला सांगितलं. का मारलंस? तर राजानं त्याची बायको उचलून नेली आणि ती तिथे मेली. एवढंच. रडणं नाही, गयावया नाही. पाठीमागे बायका थंडीनं कुडकुडतायत आणि हा असा बोलतोय जणू मासळीचा भाव सांगतोय.

भावोजींनी विचारायला लावलं — आम्ही तुझ्यावर विश्वास का ठेवावा?

"नका ठेवू," तो म्हणाला. "पण पोरांना आत घ्या."

जानेवारी १०

सभा. दिवसभर आरडाओरडा. आमच्या गावात राजा बापाच्या पोटी जन्मत नाही. आम्ही निवडतो, आणि नको झाला की वाट दाखवतो. सध्या तर कोणीच नाही, म्हणजे ज्याला घसा आहे तो राजा. भावोजींचा घसा सगळ्यांत मोठा. लांडगा पोरं घेऊन आला म्हणून मेंढवाड्यात घ्यायचा का, असं विचारत होते. आमचे फादर इसाकी हळू आवाजात म्हणाले, की पोरं अजून लांडगा झालेली नाहीत.

ठरलं ते असं: भिंतीबाहेर, नदीकाठच्या मोकळ्या जागेत राहू द्यायचं. गैलिमिनला इथे टिकायचं असेल तर ईस्टरला बाप्तिस्मा घ्यावा लागेल. नाहीतर बर्फ वितळायच्या आत चालतं व्हायचं.

मी जाऊन सांगितलं. त्यानं विचारलं, बाप्तिस्मा दुखतो का?

मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी.

फेब्रुवारी २

रोज जावं लागतं — दुभाषी म्हणून. आज भाकरीची टोपली नेली. ते लोक लाकडाच्या झोपड्या इतक्या झपाट्यानं उभ्या करतात की आमचे सुतार बघत राहिले. तो स्वतः ओंडके वाहतो. सरदार आणि हमाल एकच.

आज मला म्हणाला, तुझा नवरा आमच्या माणसांनी मारला असं ऐकलं. कुठे? मी सांगितलं — वरच्या पाणवठ्याजवळ, मध उतरवायला गेला होता तेव्हा. त्यानं खांद्यावरचा ओंडका खाली ठेवला. मग म्हणाला, "त्या धाडीत मी नव्हतो. पण असतो, तर मीही मारला असता."

मी टोपली तिथेच टाकून निघून आले.

घरी येऊन चूल पेटवली. भांडी आपटली. मग बसून राहिले. येरेमेई गेल्यापासून गावानं मला काय काय सांगितलं — देवाची इच्छा, वेळ आली होती, लगेच गेला, त्याला कळलंही नसेल. सगळं खोटं. आज पहिल्यांदा कोणीतरी खरं बोललं. आणि बोललं कोण!

मार्च ११

ईस्टरआधीचा मोठा उपास चालू आहे. सलगम आणि कोबी, कोबी आणि सलगम. गैलिमिन आमची बोली शिकतोय, माझ्याकडून. त्यामुळे घोळ झालाय. मी जशी बोलते तसाच बोलतो. बाजारात जाऊन मोठ्या आवाजात म्हणाला — "मी आले. मला मीठ द्या. मी घाईत आहे, मी लांबून चालत आले." बाजार लोळून हसला. भावोजींनी तर त्याला नावच ठेवलं. मोठी वहिनी.

त्याला चूक सांगितली. त्याला काही लाज वाटली नाही. म्हणतो, तू बोलतेस ते चांगलं वाटतं, मी तसंच बोलणार.

एप्रिल ४, ईस्टरचा आदला दिवस

आज लिहिलंच पाहिजे.

चर्च भरलेलं. माणसांच्या श्वासानं भिंती ओल्या. फादर इसाकींनी विचारलं, ह्या माणसाचे धर्माचे आईबाप कोण? ह्यानं गद्दारी केली तर देवापुढे आणि गावापुढे जाब कोण देणार?

कोणी हललं नाही. गैलिमिन पांढऱ्या सदऱ्यात, अनवाणी, एकटा उभा. त्याला प्रश्न कळला होता, हे त्याच्या मानेवरून मला दिसत होतं. फादरनी पुन्हा विचारलं. मागे कोणीतरी खोकलं. भावोजी छताकडे बघत होते.

मी उठले. काय विचार केला? काहीच नाही. पाय उठले. म्हटलं, "मी. फेतिन्या. येरेमेईची बायको."

भावोजींनी माझी बाही ओढली. "वहिनी, डोकं फिरलं का? दादाला काय तोंड दाखवशील?" मी बाही सोडवून घेतली. येरेमेईला दाखवायला माझ्याकडे तोंड आहे. चांगलं उजळ तोंड आहे.

बापाच्या जागी फादर स्वतः उभे राहिले. पाण्याच्या पिंपाला सकाळी बर्फाचा पापुद्रा होता. तीनदा डोकं बुडवलं. तिसऱ्या वेळेला वर येताना त्यानं त्याच्या भाषेत अशी एक शिवी हासडली! फादरनी विचारलं, काय म्हणाला? मी म्हटलं, देवाचे आभार मानतोय.

नाव ठेवलं लुका. भिजलेल्या दाढीनं माझ्यासमोर आला, खाली वाकला आणि म्हणाला — "आई."

माझ्याहून सात वर्षांनी मोठा! चर्चमध्ये हशा पिकला. पिकू दे. मला मूल झालं नाही. झालं ते असं झालं — सहा फूट उंच आणि दाढीसकट.

मे १७

अक्षरं शिकवतेय. भूर्जाच्या सालीवर हाडाच्या टोकानं कोरतो, इतका जोर लावतो की साल फाटते. आज स्वतःचं नाव लिहिलं — उलटं. तरी सगळ्या झोपड्यांतून दाखवून आला.

जून २३

मेलेल्या राजाचा भाऊ तौगिंत नदीपलीकडे आलाय. सैन्य आहे, मोजता येत नाही एवढं. त्याचा माणूस दरवाजापाशी येऊन ओरडून गेला आणि त्याचा शब्दन्‌शब्द मला गावाला सांगावा लागला: मारेकरी आमच्या हाती द्या, आम्ही गवताच्या काडीलाही हात न लावता परत जातो. नाही दिलात, तर उद्यानंतर तुरोवेत्स कुठे होतं हे शोधावं लागेल.

सांगताना मनात आलं, एखादा शब्द इकडचा तिकडे करावा. केला नाही.

उद्या सभा.

जून २४

घंटा वाजली. एकेक जण बोलायला उठला. कोणी वाईट बोलत नव्हतं, तेच वाईट. भला माणूस आहे, म्हणाले. पण आपली पोरंबाळं आहेत, म्हणाले. परका तो परका. मी बोलायला गेले तर म्हणाले, तू त्याची आई, तू बोलणारच.

मग तो स्वतः आला. कोणी बोलावलं नव्हतं. कमरेला तलवार नव्हती. दगडावर चढला आणि आमच्या बोलीत बोलला. त्याची ती बोली!

"मी जाते," म्हणाला. "एकटी जाते. दार उघडा. माझी माणसं ठेवून घ्या. बायका ठेवा. त्यांना तुम्ही भाकरी दिली. मी विसरले नाही."

कोणी हसलं नाही.

बाजारातली ती सगळी माणसं, पोट धरून हसलेली, खाली बघत उभी. मी तोंडात पदर कोंबला. तो उतरून दरवाजाकडे चालायला लागला, लोक वाट देत होते. आणि वाटेत ओनिसिम भावोजी आडवे आले. मला वाटलं ढकलतील, घाई करतील.

भावोजी त्याला म्हणाले, "कुठे निघालास? तुला कोणी जायला सांगितलं? अजून सभा उठलेली नाही." मग गावाकडे वळून — तोच तो घसा — "हा मला आवडत नाही. कधीच आवडणार नाही. पण ह्याला आपण आपल्या पाण्यात बुडवलाय, आपल्या चर्चमध्ये नाव दिलंय. आपल्या माणसाला न्यायचं असेल तर त्या तौगिंतानं भिंतीवर चढून न्यावं. गाव म्हणजे काय मेंढ्यांचा बाजार आहे? बोट दाखवलं की गळ्यात दोरी बांधून द्यायची?"

मग कुठूनतरी एक म्हातारी म्हणाली, बरोबर आहे. मग दुसरं कोणी. मग सगळं मैदान.

मी तुरोवेत्सची आहे! हे वाक्य मी आजवर हजारदा बोलले असेन. आज कळलं त्याचा अर्थ काय.

जून २७

जिंकलो.

मी भिंतीवरून काहीच बघितलं नाही, सगळं भावोजींकडून कळलं. ते डोक्याला फडकं बांधून माझ्या चुलीपाशी बसलेत आणि तिसऱ्यांदा तेच सांगतायत. लुकानं गावात बसून वाट बघायला नकार दिला. निवडक माणसं घेतली, त्याची आणि आमची मिळून. नदीच्या वळणावरून फिरून, झाडीतून, अर्धं सैन्य पाण्यात आणि अर्धं काठावर असताना तुटून पडला. तौगिंतानं घोडी चरायला सोडली होती. एवढ्याशा गावातून कोण बाहेर येणार, असं त्याला वाटलं असेल. नदीनंच निम्मे नेले. तौगिंत एका घोड्यावर पळाला.

भावोजी म्हणतात, घाव बसून मी खाली पडलो तेव्हा पायाला धरून मला ओढत बाहेर काढलं कोणी? त्यानंच. आणि वर म्हणाला काय? "उठा काका, सभा अजून उठलेली नाही."

हे सांगताना भावोजी हसत होते आणि रडत होते.

जून २८

एक गोष्ट गावाला आवडलेली नाही. मलाही कळलेली नाही.

तौगिंताच्या मेलेल्या माणसांना लुकानं त्यांच्या रिवाजाप्रमाणे अग्नी दिला. फादर इसाकी नाही म्हणाले — बाप्तिस्मा घेतलेल्या माणसानं असलं करायचं नाही. लुकानं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि जाऊन चिता रचली. स्वतःच्या हातांनी. त्यात त्याचा मामेभाऊ होता. लहानपणी एकाच घोड्यावर बसायचे.

मी गेले. त्याच्या शेजारी उभी राहिले. तो म्हणाला, "आई, हे तुझ्या देवाला सांगू नकोस."

म्हटलं, त्याला दिसतंय. आणि तो काही बोलत नाहीये.

फादरनी त्याला चाळीस दिवस चर्चच्या उंबऱ्याबाहेर उभं राहायची शिक्षा दिलीय. तो उभा आहे. राजासारखा!

ऑगस्ट ३०

राजासारखा लिहिलं होतं — आता राजाच! सभेनं निवडला. एकमतानं म्हणायचं, म्हणजे फक्त दोन जणांची मारामारी झाली. मी नवीन शाल घेतली होती. बाजारातून चालताना बायका बाजूला होत होत्या. मी मान ताठ ठेवली. ठेवणारच. माझा लेक राजा आहे.

१२७३, ऑक्टोबर १४

लुकाचं लग्न. नवरी कोण? भावोजींची लेक अग्राफेना! "मला आवडत नाही" म्हणणारे भावोजी आता मधाच्या दारूचा पेला घेऊन सगळ्यांना सांगतायत की हा जावई मीच हेरला होता, दरवाजाच्या फटीतून, पहिल्याच दिवशी.

अग्राफेना माझ्या कुशीत शिरून म्हणाली, "काकू, आता तुम्ही माझ्या काकू की सासूबाई?" म्हटलं, दोन्ही. दुप्पट धाक.

१२७९, फेब्रुवारी

किती वर्षांनी लिहितेय. सुखात लिहायचं सुचत नाही.

आता सुख नाही. सलग दोन उन्हाळे पीक कुजलं. लोक झाडाच्या सालीचं पीठ मिसळून भाकरी करतात. लुकानं स्वतःची कोठारं उघडली. एक पोतंही मागे ठेवलं नाही. अग्राफेना घाबरली, आपल्या मुलांचं काय. तो म्हणाला, जे गावाच्या मुलांचं तेच. त्याच्या ताटातली भाकरी मी चाखली. निम्मी साल. तोंडात भुसा चावल्यासारखं. राजाच्या ताटात!

आणि अशा पोटावर दगडाची भिंत बांधून घेतोय. काम करेल त्याला सार आणि भाकरी, म्हणजे कोणाला भीक घेतल्यासारखं वाटत नाही. स्वतः दगड वाहतो. चव्वेचाळीस वर्षांचा घोडा. मी ओरडले, कंबर मोडशील. म्हणाला, आई, पहिल्या हिवाळ्यात तुमच्या लाकडी भिंतीकडे बाहेरून बघत होतो ना, तेव्हाच मनात आलं होतं की ही भिंत मी एका सकाळीत घेतली असती. तेव्हापासून झोप लागत नाही.

१२९०, नोव्हेंबर ३

ओनिसिम भावोजी गेले. शेवटी लुकाचा हात धरून होते. काय पुटपुटले ते त्याला एकट्यालाच ऐकू आलं. बाहेर आल्यावर मी विचारलं. म्हणाला, "अजूनही आवडत नाही म्हणाले."

मग फावडं घेऊन स्वतः कबर खणायला गेला.

१३०१, मार्च ६

पश्चिमेचे ते लोखंडी सरदार, डोक्यापासून पायापर्यंत चिलखतातले, काल अचानक चालून आले. भिंतीबाहेरचा मठ त्यांच्या हाती लागला. सगळे संन्यासी कापले. फादर इसाकींनंतर आलेले फादर, त्यांचे सगळे शिष्य — बर्फावर तसेच पडलेत. भिंतीवरून दिसतात.

लुका सहासष्ट वर्षांचा आहे. हिवाळाभर खोकतोय. मोठ्या शहरातून कुमक यायला आठवडा लागेल. सगळे म्हणाले थांबू. त्यानं चिलखत मागितलं. पट्टा अग्राफेनाला आवळता येईना, मी आवळला. माझी बोटं आता वाकडी झालीयत, त्याचं पोट सुटलंय. दोघंही हसलो.

म्हणाला, "आठवडाभर ते मठात बसतील, आई. आपली माणसं अशी बर्फावर पडलेली असताना मी जेवू कसा?"

मी त्याच्या कपाळावर क्रॉसची खूण केली. बस.

मार्च ७

परत आला! नदीकाठच्या चढावर त्यांना गाठलं, खाली बर्फावर रेटलं. त्यांचा म्होरक्या जखमी होऊन पळाला. आख्खा गाव दरवाजात. पोरं घोड्याची शेपटी धरून चालतायत. एका बाईनं आपलं तान्हं त्याच्या रिकिबीला टेकवलं, बरं नाही म्हणे त्याला. लुका इतका दचकला. तिला म्हणाला, "अगं वेडे, वैद्याकडे ने."

मी हे सगळं बघितलं. त्या पहिल्या हिवाळ्यात भिंतीवर उभी असलेली माझ्या वयाची माणसं आता बोटावर मोजण्याइतकी. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं — मी उठले होते! तुम्ही कोणी उठला नव्हता, मी उठले होते!

मे २०

लुका गेला.

गावात तापाची साथ आहे. घराघरातून माणसं जातायत. त्याला कितीदा सांगितलं, घरात बस. रोज आजाऱ्यांना बघायला जायचा. ज्यांचं कोणी उरलं नाही त्यांना खांदा द्यायचा. चार दिवसांपूर्वी अंथरूण धरलं.

शेवटी शेवटी फक्त त्याच्या भाषेत बोलत होता. अग्राफेनाला कळेना, मुलांना कळेना. खोलीत मला एकटीला कळत होतं. घोड्यांबद्दल बोलत होता, कुठल्यातरी तळ्याबद्दल. त्याच्या आईला हाक मारत होता. खऱ्या आईला. मी ओ दिली.

जून २

मी त्याच्या आधी जायला हवं होतं. आईनं आधी जायचं असतं. वयानं तो मोठा म्हणून काय झालं.

१३०२, सप्टेंबर १०

एक तरुण संन्यासी आलाय, प्रोखोर नावाचा. लुकाचं चरित्र लिहितोय. सुबक अक्षर, मऊ हात. मला आदरानं बाकावर बसवलं, मध दिला.

गावात काय चाललंय ते मला माहीत आहे. त्याच्या थडग्यावर मेणबत्त्या लावतात. एक लंगडी बाई तिथून चालत घरी गेली म्हणे. कोणी माती पुडीत बांधून नेतं. प्रोखोर म्हणाला, आजी, त्यांच्या जन्माच्या वेळी आकाशात काही चिन्ह दिसलं होतं का? म्हटलं, बाबा, मी त्याच्याहून सात वर्षांनी लहान.

मग मी त्याला सगळं सांगायला बसले. लुका घोरायचा इतका, की अग्राफेना माझ्याकडे झोपायला यायची. फाशांच्या खेळात लबाडी करायचा आणि पकडला की रुसायचा. रागात एकदा टेबल खिडकीतून बाहेर फेकलं होतं, खिडकी न उघडता. बाप्तिस्म्याच्या पाण्यात शिवी दिली, ती पण सांगितली. नदीवरच्या चिता सांगितल्या. प्रोखोरचा बोरू एका ठिकाणी थांबलेला. हे सगळं त्यात बसणार नाही, असं हळूच म्हणाला. संताचं चरित्र आहे.

मी म्हटलं, "मग संताचं लिही. माझ्या लेकाचं कशाला लिहितोस?"

त्याला वाईट वाटलं. मलाही वाटलं. जाताना त्यानं विचारलं, पण आजी, तुम्ही तरी त्यांना संत मानत नाही का? जे जवळ होते त्यांनीच मानलं नाही तर लोक काय म्हणतील?

मी शाल सावरून उठले. मला अभिमान आहे — एवढा, की छाती दुखते. आख्ख्या देशाला माहीत आहे तुरोवेत्सचा लुका कोण ते. पण संत? संतांना सोन्याच्या पाट्यांवर रंगवतात. त्यांची मोठी मोठी बोटं असतात आणि ते कोणाकडेच बघत नाहीत. लुका बघायचा. तुमच्या डोळ्यांत डोळे घालून नको ते खरं बोलायचा.

सप्टेंबर ११

प्रोखोरला परत बोलावून घेतलं. चितांचं लिही म्हटलं. बाकी घोरणं वगैरे गाळ, पण ते लिही. भावांना मारल्यावर ज्याला जेवण गेलं नाही, त्याचं लिही.

बघू म्हणाला.

१३०३, मार्च २९

पहाटे नदीपलीकडे धूर. लोखंडी सरदार परत आलेत आणि ह्या वेळी बैलाएवढे दगड फेकणारी यंत्रं आहेत. नवा राजा अजून निवडलेला नाही. घंटा वाजतेय. दगडी भिंतीवर आमची माणसं चढलीयत.

मला भिंतीवर चढवत नाही. मी त्याच्या थडग्यापाशी गेले. बाजूला कोणी नव्हतं. गुडघे टेकले. रोजच्यासारखं म्हणायला तोंड उघडलं — देवा, माझ्या लुकाला सांभाळ.

तोंडातून आलं, "लुका, आम्हाला सांभाळ."